पाहिलं, ऐकलं, वाटलं

खोली भाड्याने दाखवताना मामांनी मला आधी फ्रीझर दाखवला. मागल्या पडवीत चार विटांवर उभा केलेला, कुठल्याशा बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणलेला. झाकणावर अजून गुलाबी कोनाचं चित्र होतं. मामांनी झाकण उचललं. आत पक्षी होते. पिशव्यांत गुंडाळलेले, पंख मिटलेले, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली.

"हे चालत असेल तर वरची खोली बघू," मामा म्हणाले. "नसेल तर उगाच जिना कशाला चढायचा."

मला चालणार होतं. मी लांज्याची. एका लहानशा साप्ताहिकात काम करायला रत्नागिरीत आले होते आणि मेलेल्या पक्ष्यांपेक्षा जिवंत घरमालकांचा मला जास्त अनुभव होता. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचं कपाट होतं. बाबा काजूच्या कारखान्यांतल्या बायकांची संघटना चालवायचे. त्यांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'आंबा' लिहायला येण्याआधी मला 'निषेध' लिहिता येत होतं.

कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे. हे मामा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले. बेडूक धरायचे, ट्रे धुवायचे, फॉर्मॅलिन बदलायचे. शिकवायचे प्राध्यापक, पण सुरी कशी धरायची ते मुलं मामांकडून शिकायची. मामांची चित्रकला इतकी चांगली होती की गावातले निम्मे डॉक्टर मामांनी काढून दिलेल्या झुरळांवर पास झाले असं लोक म्हणत. मामांना हे सांगितलं की ते विचारायचे, "पाहिलंत की ऐकलंत?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. शेजारच्या काकूंनी कुणाची सून माहेरी निघून गेल्याचं सांगितलं की, "पाहिलंत की ऐकलंत?" डॉक्टरने छातीत दुखतं का विचारलं की मामा म्हणायचे, "दुखतं असं वाटतं. पाहिलेलं नाही." काकूंनी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. "ह्या माणसाला साधी बातमी सांगायची सोय नाही," असं त्या मला कुंपणावरून म्हणायच्या, आणि मग तीच बातमी मला सांगायच्या.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या वहीत होतं. कॉलेजातून उरलेली जुनी प्रॅक्टिकलची जर्नल्स त्यांनी घरी आणली होती. त्यात एक पान कोरं असतं, आकृतीसाठी, आणि समोरचं रेघांचं. कोऱ्या पानावर मामा पेन्सिलीने पक्षी काढायचे. रेघांच्या पानावर पट्टीने तीन रकाने आखायचे आणि वर लिहायचे: पाहिलं, ऐकलं, वाटलं. एका रकान्यातलं अक्षर दुसऱ्यात गेलेलं त्यांना खपत नसे.

पावसाळ्यात वारा समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर आपटतो, तेव्हा खोल पाण्यावर राहणारे पक्षी भाट्याच्या, मिऱ्याच्या वाळूवर येऊन पडतात. वर्षाचे कितीतरी महिने हे पक्षी जमीन बघत नाहीत. अंडी घालायला दूरच्या बेटांवर उतरतील तेवढंच. काही मेलेले येतात, काही मरायला टेकलेले. कुत्री पोचायच्या आत मामा पोचायचे. हातात छत्री असायची, पण ती पावसासाठी नव्हती. ती उलटी धरून तिच्यात ते पक्षी ठेवायचे. चिंब भिजलेला म्हातारा उलट्या छत्रीत काहीतरी घेऊन येतोय, हे दृश्य आमच्या आळीला इतकं सवयीचं झालं होतं की फक्त पाहुणेच वळून बघायचे.

मागे नळाजवळ दगडी कट्टा होता. तिथे मामा पक्षी उघडायचे. पहिल्यांदा मी बघितला तो तपकिरी, लांब पंखांचा, आकड्यासारख्या चोचीचा. पोटात माकुळाच्या बारीक काळ्या चोची निघाल्या, कारण माकूल, म्हणजे स्क्विड, हे या पक्ष्यांचं अन्न. पण त्यांच्यासोबत निळ्या झाकणाचा तुकडा, फुग्याचं चिरमुटलेलं रबर, हिरव्या जाळ्याचा दोरा आणि साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. ते दाणे कारखान्यात वितळवून वस्तू करण्याआधीचं प्लास्टिक असतं. मामांनी सगळं चहाच्या गाळण्यात घेऊन नळाखाली धुतलं.

"चहाचं गाळणं?" मी विचारलं.

"लाल दोरा बांधलेलं पक्ष्यांचं. बिनदोऱ्याचं चहाचं."

पुढे सहा महिने मी त्या घरात चहा घेण्याआधी गाळणं तपासत होते.

मी चिडले होते. पिशव्या, झाकणं, माणसांचा हावरटपणा, सगळ्यावर. आणि हे सगळं मामा एका नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरत होते. मी ते बोलून दाखवलं. मामांना राग वगैरे आला नाही. "याच्याइतकी चांगली पिशवी नाही गो," ते म्हणाले. "कुजत नाही, गळत नाही, टिकते. ही चांगली आहे म्हणूनच तर घात झालाय."

पिसं मात्र प्लास्टिकमध्ये ठेवायचे नाहीत. त्यासाठी लग्नपत्रिकांची पाकिटं. आळीतल्या प्रत्येक लग्नानंतर मामा घरोघर जाऊन रिकामी पाकिटं मागायचे. त्यामुळे प्रत्येक मेलेल्या पक्ष्याच्या पिसावर गणपती छापलेला असे आणि खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'.

"पीस कशाला?" मी विचारलं.

"पारा," मामा म्हणाले. "धुरातनं, सांडपाण्यातनं पारा समुद्रात जातो. बारीक जीव तो खातात, बारकी मासळी त्यांना खाते, मोठी मासळी बारकीला. दर पायरीला पारा साठत जातो. सगळ्यांत वर हा बसलाय. नवं पीस येताना अंगातला पारा पिसात उतरतो. पीस म्हणजे त्याची वही. फक्त वाचणारा पाहिजे."

वाचणारा एक होता. मामांकडे झुरळं कापायला शिकलेला एक विद्यार्थी दूर कुठल्या शहरात प्रयोगशाळेत होता. फावल्या वेळात तो पिसं तपासून द्यायचा. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा कागद आला. पिसांत पारा होता. कशात कमी, कशात बराच. खाली त्याने हाताने लिहिलं होतं की या जातीचा पक्षी किती पाऱ्याने मरतो हे नक्की सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात मोठा वारा झाला होता आणि फ्रीझर काठोकाठ भरला होता. मी विचारलं, "मामा, मग हे कशाने मेले?"

"माहीत नाही."

"पोटात प्लास्टिक, पिसात पारा. आणि माहीत नाही?"

"मरताना मी पाहिलेलं नाही गो."

त्यांनी वही काढली. पहिल्या रकान्यात पोटातल्या वस्तू लिहिल्या. दुसऱ्यात विद्यार्थ्याचे आकडे, कारण ते त्यांनी स्वतः मोजले नव्हते. तिसऱ्यात बराच वेळ थांबून लिहिलं: 'पाऱ्याने कमजोर झाले असावेत. पोट प्लास्टिकने भरलं म्हणून भूक मेली असावी. मग वारा झेपला नसावा.' ते बाहेर गेले तेव्हा मी त्या पानाचा फोटो काढला.

पत्रक मी दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं. मथळा होता: 'पाऱ्याने घेतले समुद्रपक्ष्यांचे बळी. पुढचा बळी कोणाचा?' तिसऱ्या रकान्यातली वाक्यं मी घेतली आणि त्यातले 'असावेत', 'असावी', 'नसावा' काढून टाकले. बाबांनी शिकवलं होतं की पत्रकात 'कदाचित' आला की वाचणारा पुढच्या कामाला लागतो. शेवटची ओळ मला फार आवडली होती: 'जी मासळी त्यांनी खाल्ली तीच आज तुमच्या ताटात आहे.' खाली मामांचं नाव घातलं नाही, पण 'रत्नागिरीतील एका अनुभवी निरीक्षकाच्या नोंदींवरून' असं घातलं. म्हणजे नाव घातल्यासारखंच.

एसटी स्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी मी ते वाटलं. फोटो निघून ते फोनवरून फिरायला लागलं. गुहागरहून, चिपळूणहून लोक विचारू लागले. मी खूश होते. नारळी पौर्णिमेला दोन दिवस होते हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. घरात येणारं काही नसतं. पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्यावर जायचं आणि पहिल्या मासळीवर दोन महिन्यांची ओढाताण निस्तरायची. त्या वर्षी पहिली मासळी आली आणि तिला गिऱ्हाईकच आलं नाही.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी जैनाबी आमच्या घरी आली. बंदरावरच्या बाजारात ती बांगडे, तारल्या विकायची. तिचा नवरा इस्माईलभाई होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. जाळ्यात, किनाऱ्यावर पक्षी सापडला की ही दोघं मामांना निरोप पाठवायची. लाइट गेली की बर्फाच्या कारखान्यातनं लादी यायची तीही त्यांच्याच हातगाडीवरनं. मामांचा फ्रीझर खरं तर बंदराच्या जिवावर चालत होता.

तिने टोपली पडवीत आपटली. आत सकाळचे बांगडे तसेच होते.

"मामा, हा कागद तुमच्या घरातनं गेला?"

मामांनी चष्मा लावला आणि पत्रक सावकाश वाचलं. तोवर त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे फोन होता तो बटणांचा.

"घरातनं गेला," ते म्हणाले. "मी नाही लिहिला."

"मग कोणी? ह्या बायने?" जैनाबी माझ्याकडे वळली. "काय गो, शिकलीसवरली तू. माझ्या टोपलीत पारा बघितलास काय? कुठं हाय, दाखव. मी चाटून दाखवते."

मी पाऱ्याबद्दल बोलायला लागले. मोठे कारखाने, धूर, मोठी मासळी. "हे तुमच्या विरोधात नाही, तुमच्यासाठीच आहे," असं काहीतरी म्हणाले.

"माझ्यासाठी?" जैनाबी म्हणाली. "कारखानेवाल्याचं काय गेलं? त्याची मासळी कुजली?"

मामांनी वही आणून माझ्यासमोर ठेवली. "ही वाक्यं कुठल्या रकान्यातली?"

"तिसऱ्या."

"आणि कागदावर कुठल्या रकान्यात गेली?"

ते एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मी भांडले असते. भांडायचं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन मामा बाजारात गेले. गर्दीला घाबरणारा माणूस, लग्नातसुद्धा पाकिटं मागण्यापुरता जाणारा. जैनाबीने शेजारी उलटी बादली दिली, तिच्यावर ते वही घेऊन बसले. तिला वाटलं, काम झालं. बाजाराला मामा माहीत होते. त्यांनी एक वाक्य म्हटलं की पुरे.

गिऱ्हाईक आलं, पिशवी मिटून उभं राहिलं. जैनाबी म्हणाली, "मामा, सांगा ओ ह्यांना, मासळी चांगली हाय."

"ते मी पाहिलेलं नाही," मामा म्हणाले. "तपासलेली नाही. पारा मोठ्या मासळीत जास्त, बांगडा-तारलीत कमी, असं ऐकलंय. माझ्या घरी बांगडा शिजतो, हे पाहिलंय. काल दोन खाल्ले."

गिऱ्हाईक वही बघत राहिलं आणि निघून गेलं. दुसरं हसलं, त्याने चार बांगडे घेतले. तिसऱ्याने विचारलं, "म्हणजे पारा आहे तर?" आणि मामा म्हणाले, "पक्ष्यांच्या पिसात आहे. तपासणाऱ्याने लिहून दिलंय."

दुपारपर्यंत जैनाबीचा धीर सुटला. "मामा, एक शबुद मागितला तुमच्याकडं. एक. लोक कुराणावर हात ठेवून खोटं बोलतात, तुमच्याच्याने जर्नलवर हात ठेवून बोलवत नाय?"

"नाही बोलवत गो."

"मग उठा माझ्या बादलीवरनं."

मामा उठले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हेही लिहायला हवं. माझ्या चुकीची भरपाई एका वाक्यात होत होती आणि ते वाक्य हा माणूस देत नव्हता. घरी पोचताच मी त्यांना ऐकवलं, "तुमच्या खरेपणाची किंमत जैनाबी देतेय." ते म्हणाले, "होय. तुझ्या कागदाचीही."

मग पाऊस पुन्हा कोसळायला लागला आणि लाइट गेली. पहिल्या दिवशी मामा शांत होते. दुसऱ्या दिवशी बर्फाला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. कुणी नाही म्हटलं नव्हतं. हातगाडी मोकळी नव्हती, इतकंच. मी दुसरीकडे चौकशी केली, रिक्षात घालून अर्धी लादी आणली, ती फ्रीझरला पुरली नाही. तिसऱ्या दिवशी आळीत वास सुटला. काकू नाकाला पदर लावून कुंपणाशी उभ्या राहिल्या.

त्या पावसाळ्याचे निम्मे पक्षी अजून उघडायचे होते. मामांनी आणि मी ते माडाखाली पुरले. पुरताना ते प्रत्येकाची चिठ्ठी सोडवून खिशात ठेवत होते आणि शक्य झालं त्याचं एक पीस. वहीत त्या पक्ष्यांच्या पानांवर त्यांनी चित्रं काढली. समोरचे तिन्ही रकाने रिकामे ठेवले.

मी बाबांना फोन केला. दुसरं पत्रक काढायचं म्हणते, पहिलं चुकलं असं सांगणारं.

"पत्रक मागे घ्यायचं नसतं," बाबा म्हणाले. "एकदा मागे घेतलं की पुढच्यावर कोण विश्वास ठेवतं?"

हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "अनुभवी माणूस. पाहिलं असेल त्यांनी. विचार."

मी खरोखरच परत फोन करून विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. आम्ही कधी मागे घेतलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "काढ. मला एक प्रत पाठव."

दुसरं पत्रक लिहायला मला पाच दिवस लागले. त्याला मथळा नव्हता, तीन रकाने होते. पोटात काय निघालं. तपासणाऱ्याने काय कळवलं. आम्हाला काय वाटतं. खाली लिहिलं की पहिल्या पत्रकात मी वाटलेलं पाहिलेलं म्हणून छापलं आणि त्याचा फटका मासळी विकणाऱ्या बायकांना बसला. खाली माझं नाव. जैनाबीने ते हातात घेतलं नाही. "मला कशाला देतेस? वाचून दाखव. हितं, उभी ऱ्हाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी वाचलं. आजवर मी सभांमधून बरंच ओरडले आहे, पण त्या दिवशी आवाज फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्याने, बाय. पयला कागद लिवताना तर जोरात होतीस." हशा झाला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने विचारलं, "मग प्लास्टिक खरंच पोटात होतं?" मी म्हटलं, "होतं. मी पाहिलं." ती म्हणाली, "आमच्या बकरीच्या पण निगालं होतं," आणि कोळंबी सोलायला लागली.

बाजार हळूहळू सावरला. पत्रकामुळे की लोकांना मासळीवाचून राहवेना म्हणून, ते मला माहीत नाही. पक्ष्यांचा निरोप मात्र आला नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. मामा रोज पहाटे किनाऱ्यावर जात आणि कोरडी छत्री घेऊन येत. पक्षी यायचा तो मोसमही संपला होता, पण मामा त्या कारणावर समाधानी नव्हते. एकदा मीच म्हटलं, पुढल्या पावसाळ्यात येईल निरोप. ते म्हणाले, "हे वाटलं."

आता मामा अलोऱ्याला मुलीकडे असतात. गुडघे गेले. फोनवर तक्रार करतात, इथे किनारा नाही, मेलेलं काही येत नाही, नुसते जिवंत कावळे. त्यांची खूप आठवण येते तेव्हा मला पहिल्यांदा फ्रीझर किंवा छत्री आठवत नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरातली एक दुपार आठवते.

इस्माईलभाई एकटाच आला. तोवर मी त्याच्या तोंडून दहा शब्द ऐकले नसतील. पडवीत बसला, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला.

"मामा, तो हिरवा दोरा निगाला ना पाखराच्या पोटातनं. बायने वाचून दाखवला बाजारात."

"होय. जाळ्याचा."

"आमचाच तो." तो हाताकडे बघत होता. "जाळं फाटलं की किनाऱ्यावर कोण आणतंय. कापायचं नि तिथंच सोडायचं. सगळेच सोडतात. मी पण. तुमच्या वहीत नाय ते. लिवा."

मामांनी वही उघडली. पेन दुसऱ्या रकान्यावर धरलं. "ऐकलं, यात लिहितो."

"ऐकलं कशाला? मी बघितलंय. चाळीस वर्षं बघतोय. ह्या हातानं कापलंय."

"तुम्ही पाहिलंत," मामा म्हणाले. "मी नाही."

मी मध्ये काही बोलले नाही, हे त्या वर्षी मी शिकलेलं एकमेव शहाणपण. मग मामांनी वही सावकाश फिरवून इस्माईलभाईच्या पुढ्यात केली आणि त्याच्या हातात पेन दिलं. इतकी वर्षं त्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं.

इस्माईलभाई उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेला. त्याने उर्दूत, म्हणून पानाच्या उजव्या कडेपासून सुरुवात केली. ओळ 'वाटलं'मधून निघाली, 'ऐकलं'वरची रेघ ओलांडली, आणि जिभेचं टोक दातात धरून तो लिहीत लिहीत पार डावीकडच्या रकान्यात पोचला. मामा त्या रेघा ओलांडल्या जाताना बघत होते.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

इस्माईलभाईने ओळीवर बोट ठेवून वाचलं. "जाळं फाटलं. मी कापलं. समिंदरात टाकलं."

मामांनी मान डोलावली आणि खाली त्याला सही करायला जागा दाखवली.